'ताबा सुटला' म्हणजे नेमके काय सुटले?

महोदय,

ट्रॅक्टर उलटल्याच्या बातमीत 'चालकाचा ताबा सुटला' हे वाक्य हमखास असते. मळणी यंत्रात हात गेला की 'निष्काळजीपणा', पीटीओच्या शाफ्टला, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याला, कपडा गुंडाळला की 'दुर्दैव'. शेतसुरक्षेत हयात घालवणारा अभियंता हे शब्द बाजूला ठेवतो आणि टेप काढतो. चढ किती अंशांचा होता, ओढायची साखळी कुठे अडकवली होती, शाफ्टचे कव्हर जागेवर होते की गोठ्याच्या कोपऱ्यात पडले होते, हे तो मोजून लिहून ठेवतो. या माणसाचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते. वर्षानुवर्षांच्या खटपटीतून हाती लागते ते एखादे कव्हर, एखादी कमान किंवा प्रमाणकातला एक आकडा. बातमी वाचताना त्याला काय दिसते, ते मांडण्यासाठी हे पत्र.

ट्रॅक्टर मागे उलटण्याचेच घ्या. मागची चाके चिखलात रुतली, कोणी तरी चाकांपुढे ओंडका बांधला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्याने सोडला. चाके तर अडलेली. मग इंजिनाचा जोर मागच्या आसाभोवती ट्रॅक्टरचे धूडच फिरवतो आणि तोंड वर उठते. त्यानंतर साधारण पाऊण सेकंदात अशी अवस्था येते की क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुन्हा खाली बसत नाही, आणि दीड सेकंदात तो चालकाच्या अंगावर असतो. धोका ध्यानात येऊन पाय क्लचवर जायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. तेव्हा 'सावध राहायला हवे होते' असे म्हणून काही साधत नाही. रुतलेला ट्रॅक्टर चाकांमागची माती उकरून रिव्हर्समध्ये काढावा, कारण त्यात जोर तोंड खाली दाबतो. नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा.

ओढ कुठून घेतली यावरही बरेच ठरते. साखळी ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्याला असेल तर तोंड उठू लागताच ड्रॉबार आणखी खाली जातो, उलटवणारा जोर कमी होतो आणि चाके घसरू लागतात. साखळी टॉपलिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या जागी किंवा आसाच्या वर कुठेही अडकवली की हा बचाव संपला.

तरीही ट्रॅक्टर उलटणार, हे गृहीत धरून केलेली रचना म्हणजे संरक्षक कमान, ज्याला रोल बार म्हणतात. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली. तिथे उलटून होणारे मृत्यू १९५७ ते १९९० या काळात दर लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला १७ वरून ०.३ पर्यंत उतरले. जॉन डीअर कंपनीने १९६६ मध्ये आपली कमान बाजारात आणली आणि पुढे तिचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले केले; धंद्यात हे क्वचित घडते.

या कमानीबद्दल गैरसमज मात्र पुष्कळ. ती वाकण्यासाठीच बनवलेली असते. उलटतानाची ऊर्जा तिने पोटात घ्यायची आणि चालकाभोवतीची पोकळी तेवढी शाबूत ठेवायची. चाचणीत तिच्यावर मागून, बाजूने आणि वरून भार देऊन नेमके हेच तपासतात. म्हणून जाड पाइप वेल्ड करून घरी उभारलेली कमान फसवी. ती फार ताठ असली तर बुडाचे बोल्ट तुटतात, वेल्ड कच्चे असले तर सांधा सुटतो. उन्हासाठी लावलेले छप्पर म्हणजे कमान नव्हे. कमानीला भोके पाडू नयेत, गंजली म्हणून ठिगळ लावू नये, आणि एकदा ट्रॅक्टर उलटला की ती बदलावी. कमान उभी असेल तर सीट बेल्ट लावायचाच, नाहीतर माणूस त्या पोकळीबाहेर फेकला जातो आणि कमानीखालीच चिरडू शकतो. बागेत फांद्यांमुळे कमान दुमडली असेल किंवा मुळात नसेलच, तर बेल्ट लावायचा नाही. हा दुसरा अर्धा नियम फारसा कोणी सांगत नाही.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. सैल बाही, ओढणी किंवा बुटाची नाडी बोल्टच्या डोक्यात अडकली की सेकंदाला दोन मीटरच्या आसपास कापड गुंडाळले जाते. हिसका मारून सोडवायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर बेअरिंगवर बसलेले असते आणि साखळीने यंत्राला बांधलेले असते, जेणेकरून आत शाफ्ट फिरला तरी ते स्थिर राहावे. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून, चावी काढून, साखळी सोडून कव्हर हाताने फिरवावे. ते शाफ्टवर सुटे फिरले पाहिजे. अडकत असेल तर बेअरिंग गेले, आणि चालू यंत्रावर ते कव्हर शाफ्टबरोबरच फिरेल.

मग कव्हर काढून का टाकतात? शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे त्याच्या वळत्या सांध्याला ग्रीस भरायचे असते, कव्हर आड येते, काढलेले पुन्हा बसत नाही. याला शेतकऱ्याचा बेफिकीरपणा म्हणणे सोपे आहे. आमच्या मते रोजच्या कामात आड येणारे कव्हर हा आरेखनाचा दोष आहे. ग्रीस गन जाईल एवढे छिद्र ठेवले किंवा कव्हर मागे सरकवता आले, तर ते जागेवर राहते.

मळणी यंत्राचे गणित तर हाताच्या लांबीचे आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत अंतर पाऊण मीटरच्या आसपास, म्हणून माल सारायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि मळणीच्या फिरत्या ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. पन्हळ आखूड केली की उरतो तो फक्त माणसाचा अंदाज, तोही रात्रपाळीत, झोपेच्या अमलात.

शेणाच्या बंद टाकीतल्या दुर्घटनेत बहुधा एकामागून एक माणसे जातात. तिथल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा सडक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढले की येईनासा होतो, कारण नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणून दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, कमरेला दोर आणि वर दोन माणसे नसतील तर उतरूच नये.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. यंत्र हलवण्याआधीचा फोटो मिळवा. कमान होती का, उभी होती की दुमडलेली, बेल्ट लावला होता का, साखळी कोणत्या उंचीवर होती, शाफ्टचे कव्हर कुठे होते, एवढे विचारा आणि 'ताबा सुटला'च्या जागी ते छापा. जागा तेवढीच लागेल.

— कृषी यंत्रांच्या सुरक्षेवर काम करणारे अभियंते