माय, यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येणं होणार नाही

ती. माय,

शिरसाष्टांग नमस्कार. दादा, हे पत्र मायजवळ बसून सावकाश वाच. मधला शिक्षणाचा भाग वहिनींना त्यांचा त्यांना वाचू दे, तो त्यांनीच विचारला होता.

आम्ही दोघं इथे जर्मनीत बरे आहोत. जेवण, झोप, तब्येत सगळं ठीक. कळण्याचं पीठ अजून पुरून उरलंय.

फोटोत माझे हात मोकळे दिसले म्हणून तू दोन दिवस धड जेवली नाहीस, असं दादा म्हणाला. माय, इथे रुग्णांजवळ काम करणाऱ्या कुणालाच कोपराखाली काही घालता येत नाही. बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळसुद्धा नाही. जंतुनाशक हाताला ३० सेकंद चोळायचं असतं, ते बांगडीखाली पोचत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, काचेची कड लागली तरी फाटते. घरी आले की बांगड्या हातात असतात.

आणि “परक्यांची अंगं पुसायला एवढ्या लांब गेली का?” असं जे कुणी विचारतं, त्यांना सांग. पडून असलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. टाचा गादीला टेकू न देता पोटरीखाली उशी घालावी लागते. माकडहाडावर लाली दिसली तर बोटानं दाबून पाहायचं. दाबल्यावर जागा पांढरी झाली तर ठीक, लालच राहिली तर आतून जखम सुरू झाली. आजीच्या पाठीला झालं तेव्हा आपल्यापैकी कुणाला हे ठाऊक होतं? हे शिकायचं म्हणून मी ४७ व्या वर्षी वर्गात बसते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

वहिनी, आता तुमचं. इथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं: २,१०० तास वर्गात, २,५०० तास प्रत्यक्ष काम. वयाची वरची अट नाही, फी बहुतेक ठिकाणी नसते, उलट सरकारी दवाखान्यात पहिल्याच वर्षी महिना १,३०० युरोंच्या वर मिळतात. खरी चढण भाषेची. बी१ म्हणजे रोजचं बोलणं-लिहिणं जमण्याच्या पातळीपर्यंत ४५ मिनिटांचे ६०० तास, मग तिच्या वरची बी२. आपल्याला एक गोष्ट सोपी जाते, जर्मनमध्येही तो-ती-ते आहे आणि पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं. पण लिंगं जुळत नाहीत. आपला सूर्य ‘तो’, यांचा ‘ती’. म्हणून शब्द कधी एकटा पाठ करायचा नाही, लिंगासकट करायचा. रोज १५ शब्द पुरेत. तेच दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी आणि आठवड्यानं पुन्हा. ५० करायला गेलं की सगळेच निसटतात. पाळी जायच्या वयात झोप तुटते, डोकं जड राहतं, तेव्हा अवघड अभ्यास पहाटे आणि उजळणी रात्री. चाळिशी आधी लावून घ्या. निम्मी डोकेदुखी अभ्यासाची नसतेच.

तुम्ही नववीला शाळा सोडली म्हणून दार बंद झालेलं नाही. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी मराठीतून करता येते. किमान पाच विषय, पाच वर्षांची मुदत, परीक्षेच्या नऊ संधी, वयाची वरची अट नाही. घोळ होतो तो नावाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्म भरण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि पुढच्या प्रत्येक कागदावर एकच नाव ठेवा. माझे चार महिने याच एका गोष्टीत गेले. सुरुवातीला दोनच विषय घ्या, पण घ्या.

माय, इथली एक गोष्ट मात्र अजून अंगवळणी पडत नाही. ही माणसं ऐन हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना, दिवसातून तीन-चार वेळा घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. त्याला नावसुद्धा आहे, श्टोसल्युफ्टन. आधी हीटर बंद, मग समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघड्या, पाच मिनिटं, मग बंद. खिडकी नुसती तिरकी करून ठेवलेली चालत नाही, त्यानं हवा बदलत नाही, भिंत तेवढी गार होते. घरं इतकी घट्ट बांधलेली की श्वास, अंघोळ, स्वयंपाक यांची वाफ आतच राहते. चार माणसांच्या घरात रोज दहाएक लिटर पाणी हवेत जातं. ते गार कोपऱ्यात बसलं की बुरशी धरते, आणि ती भाडेकरूच्या माथी येऊ शकते. भाड्याच्या करारात हे पुष्कळदा लिहिलेलं असतं! आपण वैशाखात अकराच्या आत खिडक्या लावून ओलं गोणपाट टांगतो, त्याच्या अगदी उलट. तेव्हा “सर्दी होईल, खिडकी लाव” असं फोनवर म्हणू नको. लावतेच मी, पाच मिनिटांनी.

दादा, पैशाचं. दीड लाख पाठवलेत, दोन-तीन दिवसांत खात्यात येतील. ते तुझ्या मोठीच्या लग्नालाच वापर. कपाशीच्या बियाण्याचे पैसे मोडू नको, वहिनींची पोत गहाण ठेवू नको. हळदीच्या दिवशी माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा आहे. सुट्टी फक्त वर्ग बंद असतानाच मिळते. विचारून पाहिलं, दोनदा विचारलं. मोठीला नीट समजावून सांग, माझा तिच्याशी बोलायचा धीर होत नाही. आत्यानं करायचं ते सगळं मावशीकडून करून घ्या, साडी मी पाठवलीय.

माय, आखाजीला लेकी येतील, झोका बांधाल. सांजोऱ्या माझ्या वाटच्या मोजून ठेवू नको. पोरींना वाटून टाक. तुमचे जावई नमस्कार सांगतात.

तुझी लेक