बी विंगमधला पहाटेचा ‘वरवंटा’ : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : आवाजाबद्दलची नोटीस मागे घेणे व पंपाचा एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बदलणे.

महोदय,

पहाटे आमच्या घरातून वरवंटा आपटल्यासारखा आवाज येतो, अशी 401 ची तक्रार आली आणि तुम्ही लगेच आम्हाला नोटीस धाडलीत. आमच्याकडे पाटा-वरवंटा नाही. मिक्सर आहे, तो सकाळी साडेसातच्या आधी फिरत नाही. शिवाय तक्रारवहीतली एक नोंद ऐन गणपतीतली आहे. तेव्हा आम्ही सगळे चिपळूणला होतो आणि घराला कुलूप होतं.

आवाज मात्र खरा आहे. आम्हालाही येतो, आणि आम्हाला तो गच्चीवरून आल्यासारखा वाटतो! म्हणून छडा लावायचं ठरवलं. संध्याकाळची टकटक पत्र्याच्या शेडची निघाली. दिवसभर तापलेला पत्रा ऊन उतरल्यावर आकसतो. त्याचं काही करायला नको.

पहाटेचा दणका वेगळा. पंप चालू असताना तो येत नाही, बंद होताच येतो. वॉचमन खाली पंपापाशी, मी पाचव्या मजल्यावर डक्टच्या दारात, पाइपवर हात ठेवून. फोनवर त्याचं ‘बंद केला’ ऐकू येईपर्यंत हाताला झटका बसलाही होता. पाइप भिंतीवर आदळतो, कारण वरचा क्लॅम्प गंजून निखळलाय. आदळतो तिथला गिलावा उडून वीट दिसतेय.

पंप थांबला की वर चढणारं पाणी उलटं फिरतं. खालचा एनआरव्ही त्याआधीच मिटायला हवा. आपला जुना झडपेचा आहे, तो उशिरा मिटतो. तोवर पाण्याने वेग घेतलेला असतो आणि झडप धाडकन बसते. दर 10 मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो दाब असतोच, पण धावतं पाणी असं एकदम अडलं की दाब त्याच्या कितीतरी वर उसळतो. तो हादरा पाइपातून भिंतींत, भिंतींतून स्लॅबमध्ये जातो आणि ज्याला त्याला वाटतं, वरच्यांनीच काहीतरी आपटलं. 401 च्या काकांचा यात दोष नाही. तक्रारवही उघडण्याआधी समितीने निदान पंपाची वेळ तरी पडताळायला हवी होती.

तरी प्लंबरकडून स्प्रिंगचा एनआरव्ही बसवून घ्यावा आणि डक्टमधले क्लॅम्प रबर घालून नव्याने मारावेत. सामाईक पाइपलाइन असल्याने खर्च सोसायटीचाच. चालढकल झाली आणि या धक्क्यांनी एखादा जोड सुटला, तर पुढची तक्रार लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरल्याची असेल.

आमच्या नावची नोटीस लेखी मागे घ्यावी आणि तिची प्रत 401 लाही द्यावी. प्लंबर रविवारी आला तर बरं, डक्टमधली जागा मी स्वतः दाखवेन.

आपला,
सदनिका क्र. 501, बी विंग