आई, काकीकडे तूच जा

इटली, मे १९४५

ती. बाबा व ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. २ तारखेला इथल्या जर्मनांनी शस्त्रं खाली ठेवली. माझं एवढंच. बाकी पत्र खालच्या वाडीतल्या काकीसाठी आहे. गुरुजींकडून आधी तुम्ही दोघांनी वाचून घ्या, मग आई, तू तिच्याकडे जा. बाबा, तुम्ही नको. तुमच्यासमोर ती पदर पुढे ओढून गप्प बसेल, विचारायचं ते विचारणार नाही.

बेळगावहून तार पोचली असेल. तारेत तिचा मुलगा गेला एवढंच असतं.

९ एप्रिलच्या संध्याकाळी आमची जंगी पलटण सेनिओ नदीवर चालून गेली. लढाई संपली म्हणून नाव लिहितो, साहेबांनी खोडलं नाही तर वाचाल. दोन्ही काठांना आपल्या खाजणाला असतात तसे बांध, पण कितीतरी उंच, आणि त्यांच्या पोटात जर्मनांच्या मशीनगन. दुपारभर विमानांनी बॉम्ब टाकले तरी त्या सगळ्या गप्प झाल्या नाहीत. आमच्यातला नगरकडचा नामदेव जाधव, कंपनीचा रनर म्हणजे निरोप पोचवणारा, गोळ्या चालू असताना एकेका जखमीला उचलून खोल पाण्यातून, सुरुंगांतून सुखरूप जागी घेऊन गेला. मग एकट्याने मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर उभा राहून महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं. काकीला सांग, तिचा मुलगा अशांच्या पलटणीत होता आणि पाऊल मागे न घेता गेला. बांध चढताना त्याला पोटात गोळी लागली.

मी जवळ होतो. तो एकटा नव्हता, हे तिला दोनदा सांग. "भाताचे राब भाजून झाले असतील ना रे?" म्हणाला. मी हो म्हटलं. मग पाणी मागितलं. उजाडायच्या आत गेला. अग्नी मी दिला, आपल्या रीतीने. ती हे विचारेलच.

बाबा, पेन्शनचे कागद तुम्ही बघा. गुरुजींनी वाचल्याशिवाय तिने कुठे अंगठा उठवू नये. अशा वेळी गोड बोलणारे फार येतात. बोटी बंद व्हायच्या आत मुंबईकडची कामं उरका. ब्रह्मदेश गेल्यापासून तांदळाचे हाल आहेत, म्हणून तिचं शेत यंदा पडीक राहता कामा नये. लावणी आपल्या जोताने करा, बियाणं आपलं द्या. माझ्या पगारातून जे येतं त्यातलं तिला दर महिन्याला द्या, परत मागू नका.

माझ्या लग्नाचं यंदा काढू नका. जपानशी लढाई चालूच आहे आणि आम्हाला तिकडे नेतील अशी बोलवा आहे. आई, हे वाचून जेवण टाकू नकोस.

काकी काय म्हणाली ते गुरुजींकडून जसंच्या तसं लिहवून पाठवा. माझ्यावर रागावली तरी लिहा.

आपला आज्ञाधारक
मुलगा