खुले पत्र: जो आदेश माझ्या हाती पडलाच नाही, तो मोडल्याचा खटला

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदया, सप्रेम नमस्कार.

मी एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. नोकरीला 17 वर्षं झाली. आजवर सरकारला पत्रं लिहिली ती पटसंख्येची नाहीतर गळक्या छताची, मुख्याध्यापकांच्या सहीची. आज पहिल्यांदा स्वतःसाठी लिहितो आहे.

काल, 11 मार्चला, माझ्या खटल्यात आपल्या विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांची, म्हणजे कोर्टाचा कागद माझ्यापर्यंत पोचवण्याचं काम ज्यांचं होतं त्यांची, साक्ष होती. ते आले नाहीत. ही सहावी वेळ. पुकारा झाला, मी जाऊन उभा राहिलो, आणि सरकारी वकिलांनी सांगितलं की साहेबांची बदली झाली आहे. पुढची तारीख 18 जून. साहेब बजावणीच्या मूळ रजिस्टरसह हजर राहतील, असं ऑक्टोबरात आपल्या जिल्हा कार्यालयानं मला लेखी दिलं होतं. तो कागद जावक क्रमांकासह माझ्याकडे आहे.

माझ्यावरचा गुन्हा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 31 खालचा आहे, संरक्षण आदेशाचा भंग. एक वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 32 प्रमाणे दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आधी एक कबुली. गेल्या वर्षी जानेवारीत मी बायकोवर हात उचलला. मुलीसमोर उचलला. कोर्टात मी ते नाकारलेलं नाही आणि इथेही नाकारत नाही. त्यानंतर मी घर सोडलं आणि शाळेच्या गावी खोली घेतली. ती कोर्टात गेली, तिनं जायलाच हवं होतं. 6 फेब्रुवारी 2025 ला कोर्टानं माझं म्हणणं न ऐकता अंतरिम आदेश दिला: घराकडे फिरकायचं नाही, कसलाही संपर्क ठेवायचा नाही. कलम 23 मध्ये एकतर्फी आदेशाची सोय आहे आणि ती असायलाच हवी. मार खाल्लेल्या बाईनं नवऱ्याला नोटीस पोचेपर्यंत कुठे थांबायचं? तेव्हा ‘पुरुषांवर अन्याय’ म्हणत फिरणाऱ्यांनी माझं पत्र आपल्या फलकाला लावू नये. माझं भांडण कायद्याशी नाही, बायकोशी तर नाहीच.

21 फेब्रुवारीला दहावीचा पहिला पेपर होता. सकाळी सातला मुलीचा फोन आला, “पप्पा, हॉलतिकीट तुमच्याकडेच राहिलं.” मीच ते जानेवारीत लॅमिनेशनला नेलं होतं. 23 किलोमीटर मोटारसायकल मारली, दारात तिच्या हातात दिलं आणि मागे फिरलो. बायको ओट्यावर उभी होती. ती बोलली नाही, मीही नाही. संध्याकाळी पोलीस खोलीवर आले.

वार शुक्रवार. शनिवारी रिमांड झाला, न्यायालयीन कोठडी मिळाली, सोमवारी दुपारी जामीन. सरकारी नोकरीत 48 तासांच्या वर कोठडी झाली की निलंबन झाल्यातच जमा असतं. सात महिने निम्म्या पगारावर पंचायत समितीच्या आवारात सही करायला बसलो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं तिथे दाखल्यांसाठी येत. एकानं विचारलं, “गुरुजी, तुम्ही जेलात होता का?” मी हो म्हणालो. मुलांशी खोटं बोलायचं नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं लिहून ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं. माझ्या कागदांत एकच ओळ आहे, ‘आरोपी पुन्हा भंग करण्याची शक्यता.’ मला ज्या आदेशाची खबरच नव्हती, तो मी पुन्हा मोडणार होतो. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो हेही मला तीन महिन्यांनी कळलं. तोवर पतपेढीचं कर्ज काढून झालं होतं. आजवर फी, झेरॉक्स, येणं-जाणं मिळून 1 लाख 40 हजार तरी गेले. जास्तच असतील, नंतर मी हिशेब ठेवणं सोडलं.

पहिल्या भेटीत मी वकीलसाहेबांना म्हटलं, मला पोरीनं बोलावलं होतं. ते म्हणाले, “गुरुजी, हा बचाव नाही. आदेश कोर्टाचा आहे. मुलगीच काय, बायकोनं स्वतः बोलावलं तरी तो सैल होत नाही. बदल हवा तर कलम 25 खाली कोर्टातच अर्ज करायचा. तुमचा बचाव एवढाच, की आदेश तुम्हाला माहीतच नव्हता.” हे ज्यांच्यावर आज असा आदेश आहे त्यांनी ध्यानात ठेवावं. गोड बोलून बोलावलं, सणाला बोलावलं, तरी जाऊ नये.

माहीत नव्हता हे सिद्ध कसं करायचं? कलम 13 प्रमाणे नोटीस बजावण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं. मुदत दोन दिवसांची, कोर्टानं वाढवून दिली तर तेवढी. आणि बजावणी झाली असं त्यानं लिहून दिलं की तोच पुरावा, उलट सिद्ध होईपर्यंत. माझ्या प्रकरणात नोटीस आणि आदेशाची प्रत एकत्रच निघाली होती. अहवालात लिहिलंय: 10 फेब्रुवारी, दुपारी सव्वाबारा, राहत्या घरी समक्ष दिली, सही करण्यास नकार.

नकार! 10 फेब्रुवारीला सोमवार होता. सव्वाबाराला मी चौथीच्या वर्गात होतो, हजेरीपटावर माझी सही आहे. त्या घराला तेव्हा कुलूप होतं. बायको कामावर, मुलगी शाळेत. हे कोण सांगतं? माझी बायको, उलटतपासणीत, शपथेवर. कलम 32 प्रमाणे तिच्या एकटीच्या साक्षीवरही मला शिक्षा होऊ शकते, आणि तिनं दोन्ही वेळा खरंच सांगितलं. मी 21 तारखेला दारात आलो होतो हे खरं. 10 तारखेला घराला कुलूप होतं हेही खरं.

मग मी माहितीच्या अधिकारात साहेबांची फिरती दैनंदिनी, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे गेले याची नोंदवही, मागितली. 30 दिवसांत मिळायची ती अपील करून 94 दिवसांनी मिळाली. 10 फेब्रुवारीला साहेब दिवसभर जिल्ह्याच्या ठिकाणी आढावा बैठकीला होते. म्हणजे माझ्या घरी कोणीच गेलं नव्हतं. कोर्टाला काय कळवलं? बजावणी झाली. माझ्या बायकोला काय सांगितलं? बजावणी झाली.

महोदया, इथे जरा थांबा. तिला वाटलं, आदेश हातात पडूनही हा माणूस दारात आला, म्हणजे हा आता कोर्टालाही भीत नाही. ती ओट्यावर गप्प उभी होती ती भीतीनं. हे तिच्या साक्षीतून मला कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा दिवस ती समजत होती की कायदा आपल्यामागे उभा आहे. तो एका टेबलावर फायलीत पडला होता. माझ्या जागी दारूच्या नशेत कोयता घेऊन येणारा कोणी असता तर? त्यालाही आदेश मिळालेला नसता. हा कागद न पोचवून आपल्या विभागानं मला तुरुंगात धाडलं आणि तिला उघड्यावर ठेवलं.

माझ्या मुलीला अजून वाटतं की तिच्या फोनमुळे पप्पा जेलात गेले. तिला दुसऱ्या पेपरला कोण घेऊन गेलं, ती काय लिहून आली, मला ठाऊक नाही. मी आत होतो किंवा बाहेर असून बोलू शकत नव्हतो. आता कोर्टाच्या परवानगीनं दर दुसऱ्या रविवारी आम्ही तालुक्याच्या वाचनालयात भेटतो. एक तास. भेटीचा तो आदेश मी एका मिनिटानंही मोडलेला नाही, कारण तो माझ्या हातात दिला गेला, माझी सही घेतली गेली.

साहेबांचाही मला राग येतो आणि कीवही येते. त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार होता. अतिरिक्त कार्यभार काय असतो हे आम्हा शिक्षकांना कोणी शिकवायला नको. मतदार याद्या आम्ही करायच्या, सर्वेक्षणं आम्ही करायची, पोषण आहाराची चव आम्ही घ्यायची, आणि चौथीच्या पोराला भागाकार येत नाही म्हणून खुलासाही आम्हीच द्यायचा. कामं वाढवायची, माणसं नेमायची नाहीत, मग माणसं कागदावर कामं करतात. कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तरी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं की सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमा. एवढी वर्षं सरकारं काय करत होती? काल कोर्टाच्या बाकावर बसून मी बोटांवर मोजलं. बोर्डावर साठेक प्रकरणं, त्यातल्या चाळीसएकांना नुसती तारीख. कुणाचा साक्षीदार नाही, कुणाचा अहवाल नाही. कडेवर पोर घेतलेल्या दोन बायका होत्या. अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं याच कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. त्या दोघींतली एक म्हणाली, “दादा, माझं तिसरं वर्ष.”

कलम 33 आपण वाचलं असेल. कोर्टानं संरक्षण आदेशात सोपवलेलं काम पुरेशा कारणाविना न करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शब्दाशब्दाने माझ्याएवढीच शिक्षा. पण लगेच कलम 34 येतं: राज्य सरकारच्या किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याच्यावर खटला नाही. मला अटक करायला कोणाची परवानगी लागली नाही. एक संध्याकाळ पुरली.

ती परवानगी मी डिसेंबरात मागितली आहे. अर्ज आपल्या विभागात आहे. त्यावर हो किंवा नाही, काय ते लिहा. साहेबांना तुरुंगात घालण्याची मला हौस नाही. ते 18 जूनला येऊन 10 फेब्रुवारीला काय झालं ते खरं सांगणार असतील, तर मी अर्ज मागे घेईन. बदली झालेला अधिकारीही आपल्याच सरकारचा नोकर आहे, त्याला हजर राहायला लावणं आपल्या हातात आहे. आणि दुसरं काम नसलेला एक संरक्षण अधिकारी आमच्या तालुक्याला द्या. आदेश देताना त्यानं सही घ्यावी. नकार दिला म्हणत असेल तर दोन पंच आणि वेळेसह फोटो घ्यावा, आणि त्याच दिवशी बाईला खरं सांगावं की मिळाला की नाही मिळाला.

उत्तर लेखी पाठवावं. पत्ता शाळेचा घालावा, त्या घराचा नको. तिथे जायला मला मनाई आहे. मी साडेदहा ते पाच शाळेत असतो. कागद माझ्या हातात द्यावा आणि माझी सही घ्यावी.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक