पूर ओसरल्यावर समाजमंदिराला कुलूप नको

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत भेटणारा प्रत्येक जण ‘आयर्विनला पाणी किती?’ असे विचारू लागतो, आणि कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी व ४५ फुटांची धोका पातळी इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी या पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. कर्नाटकातील अलमट्टी धरण, कोयना धरणाचा विसर्ग, हरिपूरच्या संगमावर वारणेमुळे येणारी तुंब यांविषयी तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आवश्यकच होते. मात्र पाणी उतरून मदतीचे ट्रक परत गेल्यावर पूरपट्ट्यातील कुटुंबांचे काय होते, याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली, म्हणून हे पत्र.

२०१९ मध्ये आमच्या गल्लीमागच्या समाजमंदिरात मी काही महिने मदतीला जात होतो. पहिले दहा-बारा दिवस तिथे कशालाच कमी पडले नाही. उलट जुन्या कपड्यांचा ढीग इतका वाढला, की तो हलवायलाच माणसे लावावी लागली. खरे काम सुरू झाले ते छावणी उठल्यावर. घरातला गाळ उपसून झाल्यावर लोक भिजलेल्या कागदांच्या पिशव्या घेऊन येऊ लागले आणि सभागृहात दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून शिधापत्रिका, बँकेची पासबुके, वीजबिले वाळत घातली गेली. एका बाईंनी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला सुती लुगड्याच्या घडीत ठेवून इस्त्रीने वाळवला. शिक्क्याचा निळा डाग झाला, पण जनरल रजिस्टर क्रमांक वाचता येत होता, आणि त्या एका आकड्यावर शाळेतून दुसरी प्रत मिळाली.

शासनाने त्या वेळी शहरी भागातील पूरग्रस्त कुटुंबांसाठी १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले होते. पैकी ५ हजार रोख आणि उरलेले बँक खात्यात. मोफत गहू-तांदळासाठी मात्र परिसर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असल्याची अट शासन निर्णयात होती, आणि त्यावरून बराच गदारोळही झाला. या सगळ्यात सर्वांत अवघड गेले ते भाडेकरूंना. जुन्या वाड्यांतील एकेका खोलीत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांकडे भाडेकरार नसतो, शिधापत्रिका बहुधा गावाकडची असते, आणि पंचनाम्याच्या दिवशी ते मजुरीला गेलेले असतात. त्यामुळे भिंती मालकाच्या म्हणून नोंदल्या जातात, पण आतली वाहून गेलेली भांडी, गादी आणि धान्याचा डबा कोणाच्याच नावावर राहत नाही. एक निवृत्त तलाठी रोज संध्याकाळी दोन तास समाजमंदिरात बसून असे अर्ज लिहून देत, सोबत शेजाऱ्यांचे जबाब जोडून देत. त्यांच्यामुळे किती घरांचे काम मार्गी लागले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे दिवाळी आली. बचत गटांचे हप्ते थकलेले, आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मशीनची लाकडी टेबले पाण्याने फुगून निकामी झालेली. ऐन हंगाम हातचा जाऊ नये म्हणून दुरुस्त केलेली दोन मशीन सभागृहात मांडली आणि चौघीजणी पाळीपाळीने त्यांवर ब्लाउज शिवत राहिल्या. तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई सुरू झाली, आणि सभागृह कार्यांना भाड्याने द्यायचे म्हणून किल्ली परत मागण्यात आली. मला यात कोणा एकाला दोष द्यायचा नाही. पुरानंतर अशी जागा किती दिवस आणि कोणाकडे असावी, हे आधी ठरलेलेच नव्हते, त्यामुळे हुज्जत घालायलाही आमच्याकडे आधार नव्हता.

येत्या पावसाळ्यापूर्वी ते ठरावे, एवढीच विनंती आहे. पूरपट्ट्याच्या जवळचे, पण पाणी न चढणारे एक सभागृह प्रत्येक प्रभागात निश्चित करावे आणि पाणी उतरल्यापासून किमान सहा महिने ते याच कामासाठी राखून ठेवावे. पूर्ण सभागृह देता येत नसेल, तर एक खोली व एक कपाटही चालेल. भाडेकरूंची घरनिहाय यादी मे महिन्यातच करून तीवर घरमालकाची सही घ्यावी, म्हणजे नंतर जबाब गोळा करत फिरावे लागणार नाही. कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून त्या दुसऱ्या मजल्यावर ठेवण्याचे काम आमच्या गल्लीतील तरुण मंडळाने वर्गणीतून सुरू केले आहे. सध्या ते गठ्ठे एका सभासदाच्या घरी, पलंगाखाली आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, गावभाग, सांगली