काकूंचा लॅपटॉप चालू झाला, भावा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्रीचे ११

प्रिय पिंट्या,

दुपारी फोनवर सांगायला घेतलं आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागली, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. लांबडं होईल, पण मधलं गाळू नको, त्यात तुझ्या कामाचं आहे.

लॅपटॉप चालू झाला. तुझा तो कॉलेजचा, २०११ चा, आय थ्रीवाला, २०१९ च्या पुरात काकांनी सगळ्यात आधी माळ्यावर टाकला आणि पाणी उतरलं तरी तिथंच राहिला तो. आता तो तुमच्या सोप्यात देवघराशेजारच्या टेबलावर आहे आणि काकू आज त्याच्यावर दोन तास ओव्या टाइप करत होत्या.

तू म्हणालास भंगारात दे, आईला नवीन टॅब पाठवतो. तुझा जीव आहे आईवर, मला माहीत आहे रे, पण टॅब त्यांना नकोच होता, हाच पाहिजे होता. का, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. मी नुसतं विचारलं, काकू यातलं सगळं पुसून नवीन टाकू का, तर हातातली परात खाली ठेवून म्हणाल्या, "आरं पुसू नकोस, माझ्या आईचा आवाज हाय त्यात." तू मे महिन्याच्या सुट्टीत गारगोटीला आजींच्या जात्याशेजारी मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं होतंस ते. मी तर पार विसरलो होतो, तू पण विसरला असशील. काकूंच्या वह्यांत ओव्या आहेत पण मधनंमधनं ओळी गळलेल्या, त्या ओळी फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत.

त्यामुळं मी आधी मागचे स्क्रू काढले आणि तुझी जुनी हार्डडिस्क बाहेर काढून फडक्यात गुंडाळून काकूंच्या कपाटात ठेवली. म्हटलं काय प्रयोग करायचेत ते नव्या एसएसडी डिस्कवर करू. हे केलं ते किती बरं केलं ते पुढं कळेल तुला.

आता सिस्टीम कुठली टाकायची. तुझी विंडोज ७ तर जानेवारी २०२० लाच संपली, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर घेतला तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, तुझा दुसऱ्या पिढीचा. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही सिस्टीम, त्यातली एक्सएफसीई डेस्कटॉपवाली, ती हलकी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट येत राहतील. ऑफिसमध्ये डाउनलोड केली, पेन ड्राइव्हवर मारली, संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन लावली. लाइव्ह डेस्कटॉप, म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारा, एकदम झकास आला, काकूंनी चहा टाकला, मला वाटलं चहा होईस्तोवर काम होतंय. अर्ध्याच्या पुढं गेलं आणि थांबलं. एरर नंबर ५, इनपुट आउटपुट एरर, आणि खाली लिहिलेलं की बहुतेक तुमची सीडी किंवा हार्डडिस्क खराब असावी.

या वाक्यानं माझे चार दिवस घेतले बघ. मी ते खरं मानलं. पहिल्यांदा पेन ड्राइव्ह बदलला, दुसरा नवीन घेतला, परत मारला. यावेळी अजून लवकर थांबलं. मग एसएसडीवर संशय, ती काढून ऑफिसच्या मशीनला लावली, पूर्ण भरून परत वाचून बघितली, एक पण चूक नाही. मग राजारामपुरीत एका दुकानात दाखवला तर त्यानं उघडून पण न बघता सांगितलं बोर्ड गेलाय, यात पैसे घालू नका. घरी येताना रंकाळ्यावर थोडा वेळ बसलो आणि तिथं एक गोष्ट डोक्यात आली, की डिस्क खराब असती तर दरवेळी त्याच जागेवर अडकलं असतं ना? हे एकदा ६० टक्क्यांवर, एकदा ३० वर, एकदा तर नुसता इन्स्टॉलर उघडला आणि बंद पडला. जागा बदलतीय म्हणजे दोष एका जागी बसलेला नाही, तो येणाऱ्या जाणाऱ्या डेटामध्ये होतोय.

दुसऱ्या दिवशी मिंटची तीच डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी टाकून नेली आणि लाइव्हमध्ये टर्मिनल उघडून तिचा एसएचए-२५६ काढला. म्हणजे फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा, एक बिट जरी बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. ऑफिसच्या मशीनवर तो मिंटच्या साइटवरच्याशी अक्षरन् अक्षर जुळला होता. तुझ्या लॅपटॉपवर जुळला नाही. रिस्टार्ट करून परत काढला तर तिसराच आला. फाइल तीच, पेन ड्राइव्ह तोच, आणि दोन वेळा दोन ठसे! मी काकांना म्हटलं, काका सापडलं. त्यांना काय कळलं नसणार पण ते पण उठून शेजारी येऊन बसले.

रॅम, भावा. मशीनची कामापुरती मेमरी असते ती, ती खराब होती. मिंटच्या बूट मेन्यूतच मेमरी टेस्ट असते, ती लावली आणि रात्रभर चालू ठेवून घरी आलो. सकाळी साडेसहाला काकूंचा फोन, "आरं सगळं लाल लाल झालंय, बंद करू का?" तसाच गेलो. ती लाल म्हणजे चुकांची यादी, शेकडो ओळी.

मग रॅमची एक एक काडी काढून टेस्ट. आधी मला वाटलं माळ्यावरच्या ओलाव्यानं पिना काळ्या पडल्या असतील, म्हणून खोडरबरानं दोन्ही काड्यांच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, पुसल्या, परत बसवल्या. फरक पडला नाही. मूळची जी ४ जीबी होती ती दोन्ही स्लॉटमध्ये घालून बघितली, दोन्हीकडं स्वच्छ पास, म्हणजे स्लॉट ठीक, बोर्ड ठीक. दुसरी ४ जीबी कुठंही घाल, लालच. आणि दुसरी कुठली माहिती आहे का, लास्ट इयरला प्रोजेक्टसाठी तू आणि मी जाऊन सेकंडहँड आणलेली ती. आठवतंय, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात सारखी निळी स्क्रीन यायची, आपण व्हायरस म्हणून दोनदा फॉरमॅट मारलं, तुझा रिपोर्ट गेला आणि तू रडायला आला होतास? मला तर आता वाटतं तेव्हापासून हीच असणार. तुझी चूक नव्हती रे ती.

आणि इन्स्टॉलर डिस्कवर का ढकलत होता ते पण नीट कळलं मला. अख्खी सिस्टीम पेन ड्राइव्हवर एका दाबून भरलेल्या मोठ्या फाइलमध्ये असते, ती तुकड्या तुकड्यानं रॅममध्ये आणून सोडवतात. रॅमनं एक बिट उलटा केला की तो तुकडा सुटतच नाही, मग सिस्टीम म्हणते मला वाचता आलं नाही, आणि इन्स्टॉलरला बिचाऱ्याला एवढंच कळतं की वाचता आलं नाही, तो डिस्कचं नाव घेतो. तुला कुणाचं असं काम आलं तर आधी मेमरी टेस्ट लाव, बाकी सगळं नंतर, कारण प्रत्येक गोष्ट तिच्यातूनच जाते. आणि तोपर्यंत त्या मशीनवर काहीसुद्धा कॉपी करू नको. मी जर पहिल्याच दिवशी घाईत आजींचं रेकॉर्डिंग या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर घेतलं असतं तर ते कदाचित गुपचूप बिघडून गेलं असतं, एरर पण आली नसती. त्या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

पुढं अजून एकदा अडलं. शेवटी शेवटी ग्रब, म्हणजे चालू करताना सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्राम, बसेना, फेटल एरर. त्यात माझंच कारण, ऑफिसमध्ये तपासताना एसएसडी जीपीटी, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत, करून ठेवलेली आणि पार्टिशन पण मीच हातानं पाडलेले, तुझा लॅपटॉप जुन्या बायोसवर, म्हणजे बोर्डावरच्या जुन्या पद्धतीच्या स्टार्टअप प्रोग्रामवर चालतो, तिथं जीपीटीवर ग्रबला १ एमबीची वेगळी जागा लागते, ती मी ठेवली नव्हती. २४० जीबीला जीपीटीची गरजच नाही, म्हणून जुन्या पद्धतीचा एमबीआर टेबल केला आणि वीस मिनिटात संपलं. लॅपटॉपमधल्या घड्याळाचा सेल पण मेलेला, तारीख मागं जायची म्हणून एक साइट उघडत नव्हती, तो बदलला. रॅम सध्या ४ जीबीच आहे, काकूंना पुरते. तरी जोडीला एक बघून ठेवलीय, यावेळी दुकानातच टेस्ट लावून घेणार.

जुन्या डिस्कची तब्येत पण बघितली, ठणठणीत, एक सेक्टर खराब नाही. ऑफिसच्या चांगल्या मशीनवर सगळं उतरवलं, दोन प्रती केल्या, दोन्हीचे ठसे जुळवले. एक काकूंकडं, एक माझ्याकडं.

काकूंना मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिलाय. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या हे बरं हाय, बाराखडीसारखंच हाय. काल "साऱ्या" लिहिताना अडल्या, त्यांचा र वर जाऊन बसायचा, "सार्या" व्हायचं. म्हणाल्या हे माझं न्हाई, आई असं म्हणत नव्हती. शिफ्ट धरून जे दाबायचं, मग हलंत, मग य, असं दाखवलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद स्क्रीनच्या कडेला चिकटवलाय.

रेकॉर्डिंगच्या तीन फाइल आहेत, जुन्या मोबाइलच्या एएमआर प्रकारच्या, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालल्या. जात्याची घरघर आधी येते, मग आजी. काकू पहिल्यांदा ऐकताना काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून बसल्या, काका उठून बाहेर कट्ट्यावर गेले. मग दुसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि वही उघडली. आजपर्यंत गळलेल्या अकरा ओळी भरल्यात.

तिसरी फाइल मात्र ओवीच्या मधेच तुटते, आणि त्याच्या आधी तुझा आवाज येतो, "आजी थांब, मेमरी फुल झाली, कार्ड बदलतो." म्हणजे उरलेलं दुसऱ्या कार्डात गेलंय. तुझ्या त्या जुन्या मोबाइलचा डबा तू जाताना बरोबर नेला होतास ना? त्यात बघ, छोटं काळं कार्ड असेल. सापडलं तर तिथं कशालाच लावू नको, तसंच पाकिटात घालून घेऊन ये. काकू विचारतायत कधी येतोस.

तुझाच,
बाळ्या