रविवारच्या चहाविधीला येण्याआधी

सदस्यांनो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला मंडळाच्या सभागृहात 'चादो', म्हणजे जपानी चहाविधीचं प्रात्यक्षिक आहे. दहा मिनिटं आधी या. विधी सुरू झाल्यावर मध्येच कुणाला आत घेता येत नाही.

पांढरे स्वच्छ मोजे बरोबर आणा आणि दारातच घाला. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. मागच्या वेळी एका वाडग्याला अंगठीचा ओरखडा गेला. केसाएवढाच आहे, पण दर वेळी नजर तिथेच जाते. अत्तर लावू नका, माच्चाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा, हिरवा, किंचित कडसर वास त्यात हरवतो. ताटामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईच्या, कडेच्या कापडी पट्टीवर पाय देऊ नका.

आधी गोड खायचं, मग चहा. वाडगा डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्या हाताने थोडा थोडा दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठांशी येत नाही. मुलांनाही जरूर आणा, ती हे फार मनापासून करतात.

क्योतोच्या उरासेन्के या चहाविधीच्या घराण्याचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सु दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या आत्मघाती तुकडीत होते. ते वाचले, आणि १९५१ साली चहा घेऊन अमेरिकेला गेले, कालच्या शत्रूच्या देशात. वाडगाभर चहातून शांतता, हेच ते पुढे जगभर सांगत राहिले. म्हणूनच हा कार्यक्रम विनामूल्य ठेवण्याचा आमचा आग्रह आहे.

जागा वीसच आहेत. येणं जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, प्रतीक्षा यादीतल्यांना बोलावता येईल.

— कार्यवाह